डाव्या कुशीचे ठिपके

ऑफिसात त्यांना समोर सगळे मास्तर म्हणायचे आणि पाठ वळली की लेंडीमास्तर. जंगलखात्यात वनरक्षक म्हणून लागले त्याच वर्षी हरणांची मोजणी त्यांच्या गळ्यात पडली आणि मग कधी सुटलीच नाही. उन्हाळ्यात पंधरा दिवस पायवाटा तुडवायच्या, पाणवठ्यावर दिसतील ती हरणं मोजायची, दिसत नाहीत त्यांच्या खुरांवरून आणि लेंड्यांवरून अंदाज बांधायचा. कालची लेंडी कुठली, आजची कुठली, हे मास्तरांना वाकूनही बघावं लागत नसे. लोक थट्टा करायचे. मास्तरही हसण्यावारी न्यायचे, पण ते नाव त्यांना टोचायचं.

म्हणून वरच्या ऑफिसातून पत्र आलं तेव्हा त्यांची मान जरा ताठ झाली. यंदापासून हरणांची मोजणी कॅमेऱ्यांनी होणार होती. झाडाला बांधायचे कॅमेरे. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो. तीन जातींचे नमुने आले होते. त्यांतला कुठला घ्यायचा, ते प्रत्यक्ष मोजणी करणाऱ्या माणसाने वापरून ठरवावं आणि तसं लेखी थेट वर कळवावं, असं पत्रात स्पष्ट म्हटलं होतं. पंचवीस वर्षांत त्यांना कोणी काही ठरवायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ.

मास्तरांची मुलगी एका फोटो स्टुडिओत कामाला होती. तिने तिन्ही कॅमेरे जेवणाच्या टेबलावर मांडले, सेल घातले आणि फर्मान सोडलं, "बाबा, आधी घरी बघू. तुम्ही हरीण."

"मी?"

"मग काय आईला पळवू? चला, त्या भिंतीपासून दारापर्यंत. वाकून."

मास्तर हातपाय टेकून अंगणातून तीनदा गेले. दोरीवर कपडे वाळत घालणारी बायको म्हणाली, "अहो, नातवंडांनी रांगायचं वय आलं घरात, आणि तुम्हीच सुरू झालात?"

पहिल्या कॅमेऱ्याचा असा लख्ख झोत पडला की शेजारचा कुत्रा कितीतरी वेळ भुंकत राहिला. दुसऱ्याने फोटो काढले भरपूर, पण सगळे फिसकटलेले. एकात मास्तरांची टाच, दुसऱ्यात नुसता करडा डाग. तिसरा दिसायला अगदीच बेंगरूळ, मातकट डबा. त्याचा उजेड डोळ्याला दिसायचाही नाही. त्याच्या फोटोत मास्तरांच्या कोपरावरचं रफू टाक्यासकट दिसत होतं.

मग आठवडाभर तिन्ही कॅमेरे तळ्याकाठी बांधले. पहिल्याच्या झोताने हरणं उधळली ती पुन्हा त्या वाटेला गेली नाहीत. दुसऱ्यात शेकडो हरणं आली, धुरातून पळाल्यासारखी. तिसऱ्यात थोडी आली, पण एकेकाच्या अंगावरचे ठिपके मोजून घ्यावेत इतकी स्पष्ट. मुलगी खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "बाबा, कुठल्याच दोन हरणांचे ठिपके सारखे नाहीयेत. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखंच आहे हे. आणि डाव्या कुशीचे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावायचा. मग एक हरीण कितीही वेळा आलं तरी एकदाच मोजलं जाईल."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं त्यांनी जे ढोबळ अंदाजाने केलं, ते या पोरीने आठवड्यात सोपं करून ठेवलं होतं.

साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब वयाने लहान, बोलायला गोड. दुसरा कॅमेरा हातात घोळवत म्हणाले, "हा काय वाईट आहे?"

"साहेब, यात हरीण दिसतं. कुठलं हरीण, ते दिसत नाही."

"मग? आपल्याला हरणं मोजायचीत. त्यांना ओळखपत्रं वाटायची नाहीत."

"तेच हरीण दहादा आलं तर दहा धरली जातील."

साहेबांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. "मास्तर, रजिस्टर तुम्ही लिहिता. मागच्या वर्षीचा आकडा तुम्हाला पाठ असेल. नीट विचार करून काय ते कळवा."

मास्तरांना त्या बोलण्याचा रोख कळला नाही असं नाही. मागच्या वर्षीचा आकडा होता चारशे बारा. पहिल्या वर्षी त्यांनी प्रामाणिकपणे एकशे नव्वद लिहिले होते. तेव्हाचे साहेब म्हणाले, "गेल्या वर्षी दोनशे दहा होती. कमी कशी होतील? तुम्ही नीट फिरला नसाल." नवी नोकरी, नवं लग्न. मास्तरांनी पेन्सिलीने लिहिलेलं खोडून दोनशे पंधरा केलं. पुढच्या वर्षी कोणी काही बोललंही नाही. त्यांनीच दहा वाढवून टाकली. मग दरवर्षी कधी पाच, कधी आठ, कधी तेरा. पेन्सिलीची गरजही उरली नाही, सरळ शाईनेच. लिहून लिहून तो आकडा त्यांनाच खरा वाटायला लागला होता. अगदी कमी आली तरी अडीचशे भरतील, कॅमेरा नवीन आहे म्हणून निभावून जाईल, असा त्यांनी मनाशी हिशोब केला. आणि दुसरा कॅमेरा चांगला आहे असं मुलीच्या देखत लिहायला त्यांचा हात धजेना. त्यांनी तिसरा निवडला.

चाळीस कॅमेरे आले. वीस जागांवर जोडीजोडीने बांधले. दोन महिने मास्तर रोज सकाळी फेरी मारून फोटो आणायचे आणि मुलगी स्टुडिओतून आली की कॉम्प्युटरसमोर बसायची. एकेका हरणाला तिने नाव दिलं: कानफाट्या, लंगडी, नवरी. नवरी म्हणजे पाठीवर ठिपक्यांची मुंडावळीसारखी ओळ असलेली मादी. ती एकसष्ट फोटोंत होती. "हिला फोटोची भारी हौस," मुलगी हसून सांगायची. बापलेकींचं इतकं बोलणं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

शेवटच्या दिवशी तिने यादी पुढे सरकवली. "सत्त्याऐंशी."

"तळ्याकडची?"

"सगळ्या जंगलातली."

मास्तर म्हणाले, "उजव्या कुशीने पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजलं. दोन दिवस लागले. "पंच्याऐंशी. आता?"

मास्तरांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली. मुलीने आपणहून जुनी रजिस्टरं मागितली. तुलना करू म्हणाली. नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून त्यांनी ती आणून दिली. ती आधी शेवटच्या पानाशी थबकली. "एका वर्षात सव्वातीनशे हरणं मेली? मग सांगाडे कुठे गेले?" मग ती मागे मागे जात राहिली. पानं उलटण्याचा वेग वाढला आणि एका पानाशी एकदम थांबला. "बाबा, या वर्षी सगळे पाणवठे आटले होते. मी शाळेत होते, तुम्हीच सांगायचात की वाटेवर मेलेली हरणं दिसतात म्हणून. त्या वर्षी तेरा वाढली?"

"सगळे तसंच लिहायचे गं. आकडा खाली गेला की वरून विचारणा व्हायची."

"जंगलाची पूर्वेची पट्टी खाणवाल्यांना दिली, तेव्हा पेपरात काय आलं होतं? हरणं भरपूर आहेत, एवढ्याशा जागेने काही बिघडत नाही. ते भरपूर कुणी लिहिलं होतं?"

मास्तरांनी टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. "मी."

तिने कॉम्प्युटर बंद केला. "मी उगाच हरणांना नावं देत बसले," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

साहेबांनी शेवटपर्यंत सुटकेची वाट दाखवली. "कॅमेऱ्यात पाचातलं एकच हरीण सापडतं असं लिहा. आकडा जिथल्या तिथे येतो. कुणाचंच काही जात नाही." मास्तरांनी अहवालाचा कागद घरी नेला आणि पहिल्यांदाच कुणाला न विचारता लिहिला. हरणं सत्त्याऐंशी. खाली चार ओळी: मागील चोवीस वर्षांचे आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नसून वाढवून लिहिलेले आहेत. सही, तारीख. कागद थेट वर धाडला. आपण खरं सांगितलं तर निदान उरलेल्या जंगलाला कोणी हात लावणार नाही, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

चौकशीला वरच्या ऑफिसातून तीन जण आले. एकाने रजिस्टर उघडून विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सगळं?"

"सगळं."

"वाढवून लिहा असं कोणी लेखी सांगितलं?"

"लेखी कोणी कशाला सांगेल, साहेब?"

तो माणूस शेजारच्याकडे बघून हसला. चहा आला, बिस्किटं आली. मास्तरांना मात्र उभंच ठेवलं होतं. आधीच्या पाच साहेबांपैकी दोघे वारले होते, दोघे निवृत्त झाले होते आणि एक थेट वरच्या ऑफिसात होता. त्यांपैकी कुणालाही बोलावलं नाही. निकाल आला: कामातील गंभीर बेफिकिरी, कबुली जोडली आहे. मास्तरांची मोजणी काढून घेतली आणि नोकरीची उरलेली दीड वर्षं त्यांना फाटकावर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. साहेबांना बढती मिळाली. गैरप्रकार त्यांच्या कारकिर्दीत उघडकीला आला, म्हणून.

ते चाळीस कॅमेरे "या जंगलासाठी अयोग्य" ठरले. खोक्यांत भरून माळ्यावर गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या जातीचे आले, फिसकटलेल्या फोटोंचे. मास्तरांनी फाटकावरून ती गाडी आत सोडली आणि वहीत तिचा नंबर लिहिला.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी नाश्ता चालला होता. बायको पेपर वाचता वाचता थांबली. तिने बातमी आधी मनात वाचली, मग मोठ्याने. जंगलात चारशे एकतीस हरणं. तळ्याच्या पलीकडच्या उतारावर नवा रस्ता व्हायला आता हरकत उरली नव्हती.

मुलगी ताटावरून उठली. हात धुतले, पिशवी उचलली आणि कामाला गेली. घरात ती बोलायची, पण कामापुरतं: गॅस संपलाय, छत्री न्या, उशीर होईल. रजिस्टरांचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि मास्तरांना काढता आला नाही.

बायकोने पेपराची घडी घातली. "बघा ना. पंचवीस वर्षं खोटं लिहिलंत तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. एकदा खरं लिहिलंत तर फाटकावर बसवलं. कुठला हा न्याय?"

"माझं सोड," मास्तर म्हणाले.

"का सोडू? अन्याय झालाय तुमच्यावर."

"तसं म्हणू नकोस." त्यांचा आवाज नको तेवढा चढला. बायको दचकली. त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तसाच खाली ठेवला. "ते हरणांबद्दल म्हण हवं तर. माझ्याबद्दल नको."

मग त्यांनी डबा घेतला, फाटकाची किल्ली खिशात आहे ना हे चाचपून पाहिलं आणि ड्युटीवर गेले.