आधी टोपी, मग बाप्तिस्मा

निर्मळ गावची शर्लिन माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती नर्सिंग शिकते. मी साहित्यात बीए करून घरी आहे. नवजात बाळाला वाचवण्याच्या मागच्या परीक्षेत ती नापास झाली होती. रबरी बाळ सोडून नातेवाइकांचं सोंग घेतलेल्यांचीच समजूत काढत बसली. या वेळी तिच्या मॅडमनी मुद्दाम मला बाळाची आजी केलं. हातात पाण्याची बाटली देऊन म्हणाल्या, "हिला काम करू देऊ नका."

टेबलावरचं रबरी बाळ श्वास घेत नव्हतं. शर्लिन त्याचं अंग पुसू लागली, तशी मी बाटली उघडून मध्ये घुसले.

"बाप्तिस्मा करू दे, बाय. तो न होताच बाळ गेलं तर?"

शर्लिन रोज चर्चला जाते. मला वाटलं, आता थांबणार.

"आजी, पाणी नको, बाळ गार पडेल. ही टोपी तळहातांत धरून गरम करा."

तिने मान वर केली नाही. बाळाच्या तोंडावर मास्क धरून ती हवेचा फुगा दाबत राहिली. मी बाटली खाली ठेवली आणि टोपी चोळत उभी राहिले.

बाळाच्या पोटातला स्पीकर रडू लागला.

"पास," मॅडम म्हणाल्या.

शर्लिनने बाळ माझ्या हातात दिलं. "घ्या आजी, आता करा बाप्तिस्मा. पण आधी टोपी घाला त्याला. किती वेळ चोळताय?"