माय म्हणाली, 'हाय'

वडवणीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आण्णांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. म्हणाले, "शिकाय चाललीस, शिकूनच ये." मायनं भाकरीचं फडकं हातात दिलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या काही तिथंच राहिल्या, काही माझ्यासारख्या निघाल्या. कोणालाच न सांगितलेलं आज सांगते.

पहिल्या दिवाळीत घरी आले होते. सुट्टीतही कॉलेजचा एक तास मोबाईलवर होता. रेंज फक्त अंगणात यायची. शेळी सुटली म्हणून मी धावले आणि नेमकी तेव्हाच हजेरी सुरू झाली. माझं नाव ऐकून माय मोबाईलजवळ तोंड नेऊन म्हणाली, "हाय! हाय की!" सर म्हणाले, "हॅलो, बोला." सगळा वर्ग हसला. माय रुसली. "तू हितंच तर होतीस. हाय म्हन्लं तर काय चुकलं?" हजेरी मात्र लागली.

यंदा कॉलेजात आमच्या विभागानं तीन दिवस वर्गात आणि तीन दिवस ऑनलाइन असं सुरू केलं. तुम्हाला काय आवडतं, म्हणून फॉर्म आला. माझ्या रूममेटनं 'दोन्ही' निवडलं. इंग्रजी लेक्चर दोनदा ऐकलं की डोक्यात शिरतं, म्हणाली. खरं तर माझंही तेच मत. पण मी 'फक्त वर्गात' निवडलं, कारण आण्णांच्या कानावर हे आधीच गेलं होतं. "मोबाईलवरच शिकायचं तर पुण्यात कशाला ऱ्हायचं? घरून शीक. स्थळं बी येऊ लागलीत."

मी घरी सांगून टाकलं, मोबाईलचे तास बंद झाले. इतकं धडधडीत खोटं बोलले, पण मनात काहीच हललं नाही. तेव्हापासून ऑनलाइनच्या दिवशी मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसते. घरचा फोन आला तर चार माणसांचा आवाज ऐकू जावा म्हणून.

गेल्या मंगळवारी अंग दुखत होतं, खोलीतच राहिले. कॉटवर लॅपटॉप लावला. सर हजेरी घेत होते तेवढ्यात मायचा फोन आला. मागून आण्णांचा आवाज: "आज तरी वर्गात हाय का ती?" खोलीत पंखा आणि सरांचा तो डब्यातून यावा तसा आवाज. मायनं तो आवाज अंगणात ऐकलेला आहे.

"हाय की," ती आण्णांना म्हणाली. "वर्गातच हाय. सर हजेरी घ्यायलेत." आणि फोन ठेवला.

आता वडवणीचं घर आठवलं की मला अंगण दिसत नाही, शेळी दिसत नाही. माझ्या नावाला माझ्याआधी ओ देणारी माय तेवढी ऐकू येते.

त्या मंगळवारी फोन ठेवला तोवर सरांनी माझं नाव दुसऱ्यांदा घेतलं. माईक चालू केला. 'प्रेझेंट सर' म्हणायचं होतं, तोंडातून निघालं, "हाय."

"हॅलो, बोला," सर म्हणाले.