वाचून दाखवलेला जबाब

ती घटना विसरावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली. बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, निवृत्त होऊन नातवंडं खेळवली, पण ती काही डोक्यातून जात नाही. तेव्हा आता सांगूनच टाकतो. नावं कोणाचीच घेणार नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. बुलडाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तालुक्याला मी फौजदार होतो. वय सत्तावीस, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्या साली सरकारनं ज्वारीवर लेव्ही बसवली होती. पिकातला ठरलेला वाटा सरकारी भावानं सरकारला घालायचा आणि उरलेली ज्वारी तालुक्याबाहेर न्यायची नाही, असा हुकूम. इकडं रेशनच्या दुकानात दाणा नाही. लोक चिडणार नाहीत तर काय करतील? बाजाराच्या दिवशी तहसील कचेरीवर मोर्चा आला. आमचे विरोधी पक्षाचे आमदार निवेदन घेऊन आत गेले आणि बाहेर ढकलाढकली सुरू झाली. एक दगड माझ्या कानाजवळून गेला.

जमाव बेकायदेशीर आहे, पांगा, नाहीतर लाठी चालेल, असं आधी मोठ्यानं बजावायचं, लोकांना जायला वेळ द्यायचा, मगच लाठी उगारायची, हा नियम. मी पार घाबरलो होतो. बजावणं राहिलं बाजूला, सरळ शिट्टी फुंकली. पाच मिनिटांत मैदान मोकळं झालं. संध्याकाळी स्टेशन डायरीत लिहिलं: 'रीतसर इशारा देऊन सौम्य लाठीमार केला. जखमी कोणी नाही.' जखमींचं मी सरकारी दवाखान्याचं रजिस्टर पाहून लिहिलं होतं, ते कोरं होतं. इशाऱ्याचं मात्र हातानं आपोआप लिहिलं. सगळे तसंच लिहायचे.

सहाव्या दिवशी वायरलेसवर संदेश आला. आमदारांनी नागपूरच्या अधिवेशनात सरकारला प्रश्न टाकला होता. लेव्हीचा भाग तहसीलदारांकडे गेला, माझ्या वाट्याला दोन ओळी आल्या. लाठीमारात एका स्त्रीसह काही लोक जखमी झाले हे खरे आहे काय? लाठीमारापूर्वी इशारा देण्यात आला होता काय?

उपअधीक्षक साहेब फोनवर म्हणाले, "पहिल्याला नाही, दुसऱ्याला होय. आणि नीट ऐका. इशारा दिला नाही असं निघालं, तर तुम्ही घरी. कायम झालेले नाही अजून."

घरी बायको पहिलटकरीण. गावाकडं वडील माझ्या नोकरीच्या जोरावर बहिणीची सोयरीक ठरवत होते.

आमचे जमादार तिथलेच, मुरलेले. माझं तोंड पाहून ते म्हणाले, "साहेब, दवाखान्याचं रजिस्टर पाहून काय फायदा? हात मोडला तं इथलं माणूस डॉक्टरकडे जाते काय? ते जाते चाचाकडे. ज्या वारी हाड बसवलं त्याच वारी चाचा पट्टी बदलते. परवा बाजार. जाऊन बसा तिथं."

खबर म्हणतात ती हीच. मला जिल्ह्यात येऊन वर्ष झालं होतं, पण मोडलेलं माणूस कुठं जातं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

सोनाळ्याच्या वाटेवर एका गावात चाचा राहायचा. धंद्यानं पिंजारी, पण हाडं फुकट बसवायचा. ओट्यावर बांबूच्या कामट्या आणि फाडलेल्या धोतराच्या पट्ट्या मांडून बसला होता. मी दरडावून विचारलं, "मोर्चातले कोण कोण आले तुझ्याकडे?"

"मी दुखते कुठं ते इचारतो साहेब, नाव नाही इचारत."

"बऱ्या बोलानं सांग."

"तुमच्या कायद्यानं ज्याचा हात मोडला तो मोर्चात होता, म्हंजे गुन्हेगार. मंग मी कोनाचं नाव घेऊ? बसा, चाय घ्या."

मी निंबाखाली बसून राहिलो. थोड्या वेळानं वळणावर एक माणूस दिसला, हात गळ्यात बांधलेला. मला पाहिलं आणि आल्या पावली परत गेला. मग एक बैलगाडी आली, आत पाय लांब करून कोणी निजलेलं. गाडीवानानं गाडी तिथंच वळवली. चोर खाकी पाहून पळाला तर पोलिसाला बरं वाटतं. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

फक्त एक बाई वळली नाही. चाळिशीची असेल, उजवा हात कामट्यांत. थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काऊन बसले साहेब इथं? तुमाले पाहून मान्सं परतून राह्यले. त्याईच्या पट्ट्या कोन बदलन?"

मी कशासाठी आलो ते सांगितलं. ती म्हणाली, "मंग लिहा माहं नाव."

"बाई, नाव लिहिलं तर दंग्याचा गुन्हा लागू शकतो."

"लागू द्या. बिननावाचा हात तिथं नागपूरले कोनाचा म्हनून सांगान?"

चाचा पट्टी सोडू लागला आणि मी जबाब लिहू लागलो. रेशनवर तीन खेपा रिकाम्या गेल्या म्हणून ती मोर्चात आली होती. लाठी कशी बसली ते तिनं सांगितलं. मग मला विचारावंच लागलं, "इशारा दिला होता का?"

"इशारा कायचा? तुमच्याच तोंडात शिट्टी होती. बोलाले तोंड मोकळं होतं कुठं?"

माझी लेखणी थांबली. डोळ्यांपुढं बायको आली, वडील आले, आणि मी लिहिलं: 'पोलिसांनी ओरडून इशारा दिला होता.'

जबाब देणाराला तो वाचून दाखवावा लागतो. बाईला अक्षर येत नव्हतं. ती म्हणाली, "वाचा आता." मी वाचत गेलो. त्या ओळीपाशी आलो आणि कागदाकडं बघतच म्हणालो, "'इशारा दिला नाही. साहेबांच्या तोंडात शिट्टी होती.'" आवाज अडखळलासुद्धा नाही.

"हाव, असंच झालतं," ती म्हणाली आणि धड हाताचा अंगठा उठवला.

उपअधीक्षक साहेब जखमीचं पाहून भडकले, पण नावगाव आणि अंगठा असलेला कागद त्यांनाही दाबता येईना. शेवटी उत्तर झालं. एक स्त्री जखमी झाली, हे सरकारनं मान्य केलं. इशारा दिला होता, जखमी स्त्रीनंही जबाबात तसंच सांगितलं आहे, असंही मंत्र्यांनी सभागृहात वाचलं. तुमचीच बाई सांगते, म्हणून सत्ताधारी बाकं हसली आणि आमदारांना खाली बसावं लागलं. गावात बाईला 'पोलिसांनी फोडलेली' म्हणू लागले.

आमदार तिला घेऊन ठाण्यात आले. मी उभा राहिलो.

"बाई, तुम्ही असं बोललात?" त्यांनी विचारलं.

"मी नाही बोलली. आन साहेबानंबी तसं लिहिलं नाही. माह्यासमोर वाचून दाखवलं त्याईनं. नागपुरात बदललं असन कोनी. साहेब, सांगा न तुमी!"

मी म्हणालो, "कागद वर गेला आहे. मला त्याबद्दल बोलता येत नाही." आमदारांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि ते बाहेर पडले. बाई दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "भेऊ नका साहेब. वरचे लोक तुमाले तरास देतीन, समजते मले. तुमचं नाव मी कुठं येऊ देनार नाही."

त्यानंतर तीस वर्षं मी एकही जबाब स्वतः वाचून दाखवला नाही. गावातला मास्तर, पोस्टमन, जो कोणी शिकलेला सापडेल त्याच्या हातात कागद द्यायचो. वरिष्ठ माझ्या या पद्धतीची तारीफ करायचे. निरक्षर माणूस अंगठा देतो तेव्हा तो कागदावर नाही, समोरच्या माणसावर विश्वास ठेवतो, हे नव्या पोरांना मी शिकवायचो. कुठं शिकलो, ते कोणी विचारलं नाही.

बाईनं शब्द पाळला. गावाचे टोमणे खात राहिली, पण माझ्यावर शब्द येऊ दिला नाही. पुढच्याच चैत्रात मी नोकरीत कायम झालो.