इब्राहीमचाचांची शिशाची भट्टी

इब्राहीमचाचांनी पहिल्याच दिवशी मला माझ्याच हातचं जेवण उभ्याउभ्या खायला लावलं. पत्र्याच्या शेडच्या दारात मी सहा डबे खाली ठेवले. चाचा आतून आले, डबे मोजले, प्रत्येकाचं झाकण काढलं आणि माझ्या हातात चमचा दिला.

"एकेक घास खा, बाय."

मला वाटलं, मीठ बघायला सांगतायत. म्हटलं, "चाचा, मीठ मी घरून बघून आलेय."

"मिठाचा सवाल नाय. तू खाल्लंस की मग माझी मानसं खातील."

मी खाल्लं. ते माझ्या गळ्याकडे बघत उभे होते, घास खरंच खाली उतरतो का ते पाहत. पुढे दोन वर्षं, शुक्रवार सोडला तर एकही दिवस हे चुकलं नाही.

ही पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान कुवेतच्या बंदरावर माल मोजून घेणारे कारकून होते. कोकणातली आठ-दहा मुसलमान कुटुंबं तेव्हा जुन्या गावात, मातीच्या घरांमधून जवळजवळ राहत. चाचा आमच्याच खाडीच्या पलीकडच्या तीरावरचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आपल्याकडचं जेवण हवं म्हणून त्यांनी डब्यांचं काम मला दिलं होतं. बंदराची एक लॉरी रोज त्यांच्या शेडवरून जायची. तिच्यात डबे घेऊन मी बसायची.

आज जिथे राई भागातली शोरूम आणि गॅरेजं आहेत, तिथे तेव्हा नुसती वाळू होती. त्या वाळूत चाचांची शेड एकटी उभी. शिसं गाळायचं आणि चांदी काढायची, हा त्यांचा धंदा. शिसं कुठून कुठून यायचं. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या, केबलीवरचं वेष्टण, आणि मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांनी पायाला बांधायची वजनं. मोत्यांचा धंदा संपत आला होता आणि नाखवे ती वजनं किलोवर विकून टाकत. चांदी यायची वाळवंटातल्या बदू बायकांच्या जुन्या दागिन्यांतून आणि झिजलेल्या नाण्यांतून. तिच्यात तांबं, जस्त, काय काय मिसळलेलं असे. ती चांदी शिशाबरोबर वितळवायची, हाडांच्या राखेने लिंपलेल्या खोलगट भट्टीत ओतायची आणि वरून भात्याने वारा घालायचा. शिशाचं जळून मुरदाडशिंग, म्हणजे पिवळसर राख, होऊन जायचं. थोडं राखेत मुरायचं, थोडं धूर होऊन छपराला लागायचं. जाताना सगळा मळ बरोबर न्यायचं. शेवटी वरची साय फाटल्यासारखी व्हायची आणि खालची चांदी एकदम लखकन चमकायची. चाचा म्हणत, "चांदीनं डोला उघडला." त्या क्षणी भट्टीजवळ ते कुणालाही उभं राहू देत नसत. फक्त त्यांचा पुतण्या इस्माईल तिथे असे, कारण भाता तो चालवायचा. मेलेल्या भावाचा मुलगा, तिशीचा, गावी बायको आणि लहान मुलगी. चाचांचं जगात कुणावर प्रेम असेल तर त्याच्यावर. तरी संध्याकाळी घरी जाताना त्याच्याही लुंगीची गाठ सोडून बघायचेच.

त्यांचा संशय सगळ्यांसाठी सारखा होता. हात धुतलेलं पाणी ते फेकू देत नसत. त्याचा गाळ सुकवून पुन्हा भट्टीत जायचा. कुणी काही सांगायला आलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "बघून सांग. ऐकून सांगू नको." कुणी फार गोड बोललं, की तो माणूस गेल्यावर वजनं तपासायचे. मला आधी राग यायचा, मग हसू यायला लागलं. एकदा मी विचारलंच, "चाचा, असं का?"

 मग त्यांनी मुंबईची गोष्ट सांगितली. तरुणपणी ते तिथे एका चांदी गाळणाऱ्याकडे भट्टीवर होते. एक दिवस चांदी कमी भरली. आळ त्यांच्यावर आला. मालकाने सगळ्या पेठेदेखत त्यांचे कपडे उतरवून दिवसभर उभं ठेवलं आणि हाकलून दिलं. सहा महिन्यांनी ती भट्टी दुरुस्तीला फोडली, तर चांदी तळाच्या राखेत मुरलेली सापडली.

"मग मालक आला असेल," मी म्हटलं.

"कोन नाय आला. मना रस्त्यात एका हमालाकडून कललां."

तिसऱ्या वर्षी इस्माईल आजारी पडला. पोटात असा पीळ पडायचा की तो वाळूत गुडघे पोटाशी घेऊन लोळायचा. तोंडाला चव नाही, चेहरा पिठासारखा. मग आणखी दोघांना तसंच व्हायला लागलं. एक दिवस चहाचा पेला उचलताना इस्माईलचा उजवा हात मनगटातून खाली लोंबला. बोटं वर येईनात. तो हसायचा प्रयत्न करत होता. चाचा हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबे घेतले नाहीत. संध्याकाळी ते आमच्या घरी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि यजमानांना म्हणाले, "तुझ्या बायकोला कोनीतरी फोडलीय. बाजारातला एक चांदीवाला माझ्या धंद्यावर टपलेला हाय. ती डब्यात काय घालते ते तिलाच विचार."

"चाचा, रोज तुमच्यासमोर खाते ती," यजमान म्हणाले.

"एका घासानं काय होतां?"

यजमानांनी मला विचारलं नाही. पण त्या रात्री ते जेवताना जरा थांबले, एवढंच. क्षणभरच. ते थांबणं मी अजून विसरलेले नाही.

आठवड्यात ही बातमी सगळ्या कोकणी घरांत गेली. ईदला मी शिरखुर्मा पाठवला, तो एका घरून झाकण न उघडता परत आला. शेजारणी-मैत्रिणी बोलायच्या, पण माझ्या घरचं पाणी घ्यायच्या नाहीत. परमुलखात आपल्याच माणसांनी असं केल्यावर जायचं कुठे?

डबे बंद होऊन महिना झाला तरी इस्माईल सुधारेना. मग चाचांनी पाणीवाला बदलला. त्यानंतर एका बलुची कामगाराला काढून टाकलं, तो त्याच चांदीवाल्याकडून आला होता म्हणून. मग शेडच्या दाराला ताईत बांधला. भट्टी मात्र रोज पेटत होती.

मी ठरवलं, आता आपणच निकाल लावायचा. एका सकाळी मी नेहमीसारखा डबा भरला आणि तो घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथे एक म्हातारा इंग्रज डॉक्टर होता आणि गोव्याची एक सिस्टर, जिला माझी भाषा समजायची. मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "यांना सांगा, यात विष आहे का ते तपासा. नसेल तर कागदावर लिहून द्या."

डॉक्टरने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने विचारलं, ती माणसं काम काय करतात? मी सांगितलं. शिसं, चांदी, भाता, धूर. तो खुर्चीत मागे टेकला आणि मग बराच वेळ बोलत राहिला. सिस्टर थांबून थांबून मला सांगत गेली.

त्याच्या घराण्याचा दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तरेला डोंगरात हाच धंदा होता. शिशाच्या खाणी त्यांच्याच, आणि खाणीतल्या शिशात थोडी चांदी असायची, ती गाळून काढायचीही त्यांचीच भट्टी. गडी पहाटे डोंगरात शिरत आणि सबंध दिवस ओल्या दगडात खणत. भट्टीचा धूर गावावर येऊ नये म्हणून त्याच्या पणजोबांच्या आजोबांनी जमिनीलगत दगडी बोगदा बांधला, डोंगराच्या माथ्यापर्यंत. बोगद्याच्या भिंतींना धुराची पूड चिकटायची. त्यातही शिसं असायचं, म्हणून माणसं आत रांगत जाऊन ती खरवडून आणत. डोंगरावरचं गवत खाऊन गुरं मरत. माणसांच्या पोटात पीळ पडे, हात लुळे पडत. मालकाला वाटे, कामचुकार आहेत, सोंग करतात, नाहीतर चांदी चोरून दारू पितात. त्याने हजेरीला पहारेकरी ठेवला. धूर मात्र तसाच सोडत राहिला, कारण चांदी त्याच वाटेने मिळत होती.

"मी डॉक्टर झालो ते ही गोष्ट ऐकून," तो म्हणाला, असं सिस्टरने सांगितलं. मग उठून त्याने टोपी घातली.

आम्ही तिघं शेडवर गेलो. चाचांनी गोरा माणूस पाहिला आणि दार अर्धं लावून घेतलं. "तेलकंपनीला माझी जागा हवीय," ते मला म्हणाले. "म्हनून तू याला आनलंस."

डॉक्टरने त्यांच्याशी वाद घातला नाही. खाटेवर पडलेल्या इस्माईलला तोंड उघडायला लावलं, ओठ बोटाने खाली ओढला. दातांच्या मुळाशी हिरडीवर निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. बाकीच्या दोघांनाही तशीच. "शिशाचा धूर," सिस्टर म्हणाली. "अन्न नाही, पाणी नाही. ही भट्टी."

"खोटां," चाचा म्हणाले. "मी तीस वर्षं भट्टीवर हाय. मना काय झालां?"

डॉक्टरने खिशातून छोटा आरसा काढून त्यांच्या हातात दिला. चाचा आरसा घेऊन दाराशी उजेडात गेले. पाठमोरे उभे राहून त्यांनी स्वतःचा ओठ ओढला. हिरडीवर रेघ होती तिथे बोट घासून पाहिलं, पुन्हा आरसा धरला. मग आले आणि माझ्यासमोर थांबले.

"बाय, तोंड उघड."

मी उघडलं. त्यांनी माझा ओठ नाही धरला, मीच खाली ओढला. दोन वर्षं रोज सहा डब्यांतले सहा घास त्यांच्या नजरेखाली खाल्लेलं ते तोंड होतं. त्यांनी एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. माझ्या हिरड्या स्वच्छ होत्या.

चाचा खाली बसले. त्यांनी हाताने वाळू ओढून भट्टीच्या तोंडात टाकायला सुरुवात केली.

इस्माईल महिनाभर दवाखान्यात राहिला. पोट बरं झालं, रंग थोडा परतला. हात उचलेना. डॉक्टर म्हणाला, वर्ष लागेल, कदाचित येईल, कदाचित नाही. चाचांनी त्याला बोटीने गावी पाठवलं. बाजारातला तो चांदीवाला खरोखरच शेड विकत मागायला आला, भट्टीसकट. चांगली किंमत देत होता. चाचांनी त्याला विचारलं, "भाता कोन चालवनार?" तो म्हणाला, मिळतील की माणसं. चाचांनी त्याच्यादेखत घणाने भट्टी फोडली आणि मग रिकामी शेड पडत्या भावात विकली.

त्याच आठवड्यात ते एकेका कोकणी घराच्या दारात गेले. मी बरोबर नव्हते, नंतर बायकांनी मला सांगितलं. दारात उभे राहून ते म्हणायचे, "खतीजाबायवर मी खोटा आळ घेतला. ती निर्दोष हाय." आणि एवढं सांगून निघायचे नाहीत. समोरच्याने ऐकलं यावर त्यांचा विश्वास कुठला? "मी काय बोललो, बोलून दाखव," म्हणायचे. घरातल्या प्रत्येकाकडून ते वाक्य वदवून घेतलं तेव्हाच पुढच्या दाराला गेले. शेवटी आमच्याकडे आले. मला वाटलं, माफी मागतील. ते यजमानांना म्हणाले, "तूपन बोलून दाखव." यजमानांनी मान खाली घालून म्हटलं. चाचांना ते थांबणं कसं कळलं होतं, देव जाणे. मी आत जाऊन रडले.

पुढे त्यांनी कुवेतमध्येच सालमिया भागात तांदूळ-मसाल्याचं छोटं दुकान काढलं. रुपये जाऊन दिनार आले, मातीची घरं पाडून फ्लॅट उठले, आम्हीही त्याच बाजूला राहायला गेलो. दुकानात गिऱ्हाईकाने हात घातलेला तांदूळ ते पुन्हा निवडत. स्वभाव तोच. इस्माईलची पत्रं मात्र, अक्षरओळख जेमतेम म्हणून, ते माझ्याकडून वाचून घेत. दर दोन महिन्यांनी यायची. 'हात सुधारतो आहे, आता लेखणी धरतो, काळजी नसावी.' मी वाचून संपवलं की चाचा कागद हातात घेऊन उलटसुलट बघायचे.

एक दिवस म्हणाले, "बाय, ज्याला पेला उचलत नव्हता, त्याचा अक्षर इतकां सुंदर?"

"सुधारला असेल, चाचा."

"सहा वर्षांत एक वाईट गोष्ट लिवली नाय त्यानं. ताप नाय, भांडन नाय, पाऊस जास्त नाय. अशी मानसाची पत्रां नसतात."

त्यांनी दुकान मदतीला बोलावलेल्या भाच्याला दिलं आणि बोटीत बसले. मी बंदरावर गेले होते. ते तेव्हा पासष्टीचे असतील, आणि त्यांचाही हात आता थोडा कापत होता. "बघून येतो," एवढंच म्हणाले.

चार महिन्यांनी पत्र आलं. वेडंवाकडं, ओळी घसरलेल्या, त्यांच्या स्वतःच्या हातचं. 'बाय, माझा संशय खरा निघाला. पत्रां त्याची बायको लिवायची. हात तसाच लोंबतो. मना दुख होऊ नये म्हनून सगल्यांनी मिलून खोटां लिवलां. मी कोनावर रागावलो नाय. आता इथेच राहतो. सकाली त्याच्या कुडत्याची बटनां मी लावतो. तो नको म्हनतो.'

ते परत आले नाहीत. दोन वर्षांनी, साठीच्या दशकाच्या अखेरीस, तेच सुंदर अक्षर पुन्हा आलं. या वेळी वरती लिहिलं होतं की इस्माईल सांगतो आहे आणि बायको लिहिते आहे.

'भाभी, चाचा पंधरा दिवसांपूर्वी गेले. झोपेतच गेले. बटणं आता मुलगी लावते, चांगली लावते. पण सकाळ झाली की मी अजून थोडा वेळ तसाच उघड्या कुडत्याने ओट्यावर बसून राहतो.'