तीन बोटे कमी असल्याबाबत

आमच्या घरात थंडीचे कपडे सर्वांत आधी फ्रिजला मिळतात. त्याच्या मुठीला लोकरीचे म्यान आहे. मिक्सरला झबले आहे, पाण्याच्या फिल्टरला टोपरे आहे आणि गॅसच्या सिलिंडरला झालर लावलेला घोळदार झगा आहे. हे सर्व माझ्या आईने क्रोशाच्या सुईवर विणलेले. एकदा सुटीच्या दिवशी मी मोजणी केली. कपडे घातलेल्या वस्तू एकवीस भरल्या. त्यांपैकी एकही वस्तू घराबाहेर जात नाही.

घराबाहेर बायको जाते. ती बसची कंडक्टर आहे आणि येलदरीची पहिली गाडी तिच्याकडे असते. गाडी पावणेसहाला सुटते, म्हणजे ती पाचला घरातून निघते. धरणाकडून येणारा वारा खिडकीच्या फटीतून सरळ हातावर येतो, असे तिचे म्हणणे. मी ते तपासलेले नाही. त्या वेळी मी गोधडीत असतो. मी जिल्ह्याच्या एका दैनिकात डेस्कवर काम करतो आणि दर हिवाळ्यात परभणी गारठल्याची बातमी लिहितो. बातमीसोबत चहाच्या टपरीजवळ शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचे छायाचित्र असते. इतक्या वर्षांत त्या छायाचित्रात काम करणारा एकही हात आलेला नाही.

त्या हिवाळ्यात बायकोची बोटे आखडू लागली. तिकिटाच्या मशीनची बटणे बारीक. आखडलेल्या बोटाने एक दाबावे तर दुसरे दाबले जाई. तिकिटे काढून व्हायच्या आत पुढचा थांबा येई. डिसेंबरात दोनदा तपासणीवाले चढले आणि दोन्ही वेळा काही प्रवासी तिकिटाविना बसलेले सापडले. दोन्ही वेळा तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. तिसरा खुलासा झाला तर पहिली गाडी जाणार आणि मुक्कामी गाडी मिळणार, हे तिला तोंडी सांगण्यात आले. मुक्कामी गाडी म्हणजे आठवड्यातून तीन रात्री परगावी. आमच्या घरात याचा सरळ अर्थ असा, की त्या तीन संध्याकाळी आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला कोणी नसणार. दुपारनंतर मी कार्यालयात असतो. आईला स्वतःच्या हाताने थेंब घालता येत नाहीत, ते गालावर पडतात.

बायकोने बाजारातून हातमोजे आणले. ते गुळगुळीत होते. डाव्या हाताने वरचा दांडा धरला की हात घसरे, आणि उजव्या हाताने बटण दाबले की तीन बटणे एकदम दाबली जात. तिने उजव्या मोज्याची बोटे कात्रीने कापली. आठ दिवसांत मोजा मनगटापर्यंत उसवत गेला. तेव्हा ती आईसमोर जाऊन बसली.

“आई, मला बिनबोटाचे हातमोजे इणून द्या.”

आई त्या वेळी इस्त्रीसाठी टोपी विणत होती. तिने मान वर केली नाही.

“बोटंच उघडी ठिवायची तर हातमोजे कशाला म्हणायचं? बांगड्या भर की चार.”

“बांगडीनं तळहात गरम व्हतो का?”

“मग बोटाला काय गर्मी चढलीय तुझ्या?”

“बोटानं तिकीट काढायचं अस्तंय, आई. बोटं झाकली की मशीन चालत न्हाई. अन् मशीन न्हाई चाललं की मी मुक्कामी गाडीवर. मग थेंब कोण टाकायलंय?”

आईने इस्त्रीची टोपी बाजूला ठेवली. “हात आण इकडं.”

माप घेण्यासाठी टेप सापडला नाही, म्हणून बायकोने बॅगेतून तिकिटाच्या कागदाची गुंडाळी काढली. आईने तो कागद तिच्या तळहाताभोवती फिरवला, नखाने खूण केली आणि फाडला. मग मनगटाचे माप, मग अंगठ्याचे. तीनही कागद तिने देव्हाऱ्यात समईखाली दाबून ठेवले. आमच्या घरात महत्त्वाचे कागद तिथेच राहतात. माझे नेमणूकपत्रही तिथेच आहे.

विणकामाला बारा दिवस लागले. लोकर राखाडी. हाताच्या वरच्या बाजूला आईने उठावाचे खांब घातले, म्हणजे सुई खालच्या ओळीतल्या खांबाच्या पाठीमागून घालून काढलेले जाड टाके. ते एकमेकांवरून ओलांडून तिने वेणी वळवली. डाव्या तळहातावर ज्वारीच्या दाण्याएवढे फुगीर टाके दाटीने घातले, कारण त्या हाताने दांडा धरायचा. उजवा तळहात साधा ठेवला, कारण त्यात मशीन बसायचे. अंगठ्याला भोक आणि चार बोटांसाठी एकच रुंद तोंड. तिने व्हिडिओ पाहिला नाही, नमुना कागदावर काढला नाही. चष्म्यावरून बघत ती टाके मोजी आणि मोजताना कोणी बोलले, तर सबंध ओळ उसवून पुन्हा सुरुवात करी. त्या बारा दिवसांत घरात मी सर्वांत कमी बोललो.

गल्लीला मात्र हा नियम लागू नव्हता. आईहून थोड्या लहान बायका दुपारी ओट्यावर येत. प्रत्येकीने पहिला प्रश्न तोच विचारला.

“काकू, बोटं कवा करायलाव?”

“करायची न्हाईत.”

“लोकर सरली का?”

“लोकर लय हाय.”

“मग डोळ्यानं दिसंना का?”

सोनपेठच्या मावशीचा, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. तिला ही बातमी कोणी दिली, हे कळले नाही. मावशी म्हणाली, “अक्का, लोकर कमी पडली असंल तर तसं सांग. सोमवारच्या बाजारातून आणून ठिवते. पण सुनंच्या हातात अर्धवट काम देऊ नकोस, लोक काय म्हणतील.” आईने फोन ठेवला आणि एक सबंध ओळ उसवली.

चौकशीचे स्वरूप पुढे बदलले. शेजारच्या काकूंनी उजवा आणि डावा मोजा शेजारी ठेवून पाहिले. एकाच्या तळव्याला दाणे, दुसऱ्याला नाहीत. त्यांनी आवाज खाली आणून मला विचारले, “आईची तब्येत बरी हाय न्हवं? विसराया लागल्यात का?” मी सांगितले, की दोन्ही हातांची कामे वेगळी आहेत. काकूंनी सहानुभूतीने मान हलवली. मुलगा आईला सांभाळून घेत आहे, असा त्यांनी अर्थ घेतला असावा.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी मोजे पूर्ण झाले. आमच्या गल्लीचा एक दस्तूर आहे. नवीन विणलेली कोणतीही वस्तू आधी महादेवाच्या देवळात पिंडीसमोर ठेवायची, सोमवारचे भजन तिच्यासमोर होऊ द्यायचे आणि मंगळवारपासून वापरायची. फ्रिजच्या मुठीचे म्यानसुद्धा या मार्गानेच आलेले आहे. या दस्तुराला एक पोटनियम आहे. अर्धवट वस्तू देवापुढे ठेवायची नाही. आईच्या मते मोजे अर्धवट नव्हते. ते तिने पिंडीसमोर ठेवले आणि एका नातलगाकडच्या हळदीकुंकवाला मानवतला गेली.

दुपारी भजनाला पाच बायका होत्या. आरती झाल्यावर त्यांचे लक्ष मोज्यांकडे गेले. पुढे काय चर्चा झाली याच्या दोन आवृत्त्या आहेत. एकीनुसार हा निर्णय एकमताने झाला. दुसरीनुसार झांजा वाजवणाऱ्या काकूंनी तो जाहीर केला आणि बाकीच्या विणायला बसल्या. परिणामाबद्दल दुमत नाही. पाच जणींनी आपापल्या पिशवीतून आपापली लोकर काढली आणि प्रत्येकीने दोन बोटे विणली. अंगठा केशरी, तर्जनी हिरवी, मधले बोट गुलाबी, अनामिका पिवळी, करंगळी जांभळी. सर्व बोटे टोकाला बंद, आणि उसवू नयेत म्हणून आतून पक्क्या गाठी.

सोमवार माझा सुटीचा दिवस. संध्याकाळी आई मानवतहून परतली तेव्हा झांजांच्या काकू मोजे घेऊन बैठकीत बसल्या होत्या.

“काकू, तुमी फिकर करू नका,” त्या म्हणाल्या. “डोळ्याचा तरास आमाला म्हाईत हाय. आमी पुरं केलं.”

आईने मोजे हातात घेतले. दहा बोटे एकेक करून दाबून पाहिली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मोज्यांकडे पाहिले, मग घड्याळाकडे, मग आईकडे. सकाळच्या गाडीला अकरा तास उरले होते.

“लय चांगलं झालं,” आई म्हणाली. “बस, चहा घेऊन जा.”

काकूंनी चहा घेतला, नंतर पोहे घेतले आणि जेवणाची वेळ होईपर्यंत बोटांमागची मेहनत सांगितली. त्या गेल्यावर बायकोने मोजे उचलले.

“आई, बोटं काढू का मी?”

“देवापुढून आलेलं घरात उसवायचं न्हाई.”

“मग उद्या कसं करू?”

“घरात उसवायचं न्हाई म्हणले मी,” आई म्हणाली आणि डोळ्यांत थेंब घालून घ्यायला आडवी झाली. बायकोने थेंब घातले. 

पुढचा भाग मी पाहिलेला नाही. तो बायकोकडून दोनदा आणि तिच्या ड्रायव्हरकडून एकदा ऐकला. तिन्ही कथनांत फरक आढळला नाही.

पहाटे स्टँडवर तिने मोजे काढण्यासाठी बॅग उघडली, तेव्हा डब्याच्या शेजारी आईची सूत कापायची छोटी कात्री होती. या कात्रीला आई कोणाला हात लावू देत नाही. मी एकदा त्या कात्रीने नखे कापली होती, त्याचा उल्लेख अजून होतो. बायकोने पुढच्या सीटवर बसून उजव्या मोज्याच्या अंगठ्याची गाठ तोडली आणि धागा ओढला. क्रोशाचे काम शेवटच्या टाक्याकडून ओढले की सरसर सुटते. केशरी अंगठा गेला. मग हिरवी तर्जनी.

शेजारी एक म्हातारी बसली होती. ती येलदरीला लेकीकडे निघाली होती.

“आगं बाई, चांगली बोटं कामून तोडायलीस?”

“मावशी, तुमचंच तिकीट काढायचंय.”

“मग ते आधी काढ की.”

“बोटं तोडल्याबगर निघत न्हाई.”

म्हातारीने थोडा विचार केला आणि सुटलेला धागा आपल्या बोटांभोवती गुंडाळायला घेतला. लोकर वाया जाऊ नये, हे तिला पटण्यासारखे होते. गुलाबी बोट सुटेपर्यंत ड्रायव्हरने गाडी सुरू केली. पिवळे आणि जांभळे तसेच राहिले. डाव्या मोज्याला हात लावायला वेळच मिळाला नाही.

डाव्या हाताने तिने दांडा धरला. दाण्यांमुळे तो घसरला नाही. उजव्या हाताची तीन बोटे मोकळी होती आणि तळहात गरम असल्याने ती वाकत होती. पहिला थांबा येण्याआधी सर्वांची तिकिटे झाली, दुसऱ्याआधीही झाली. त्यापुढच्या फाट्यावर तपासणीवाले हात दाखवून उभे होते. दोघे चढले. त्यांनी प्रत्येकाचे तिकीट पाहिले. बिनतिकीट कोणी सापडले नाही. त्यांतल्या मोठ्या साहेबांनी पुन्हा एकदा पुढून मागे तपासले. तरीही सापडले नाही. मग त्यांची नजर दांड्यावरच्या हातावर गेली.

“हे काय हाय?”

“हातमोजा, साहेब.”

“अन् दुसऱ्याची बोटं कुठं गेली?”

म्हातारीने पदराखालून तिरंगी गुंडाळी काढून साहेबांना दाखवली. “ही काय. सगळी हायेत, कुटं गेली न्हाईत.”

त्याच दिवशी माझ्या दैनिकाच्या पहिल्या पानावर जिल्हा गारठल्याची, मी रविवारीच लिहून ठेवलेली बातमी होती. सोबत शेकोटीचे छायाचित्र होते.

गुरुवारी आगारातून पत्र आले. तिकिटांबाबत त्यात आक्षेप नव्हता. विषय होता, ‘उजव्या हातमोज्यास तीन बोटे कमी असल्याबाबत व दोन्ही हातमोज्यांचे रंग गणवेशाशी विसंगत असल्याबाबत’. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, असे म्हटले होते. बायकोने ते पत्र दोनदा वाचले आणि तडक आगारात जाऊन विचारून आली. हा गणवेशाचा खुलासा असल्याने तिकिटांच्या खुलाशांत तो धरला जाणार नाही, असे तिला सांगण्यात आले. पहिली गाडी तिच्याकडेच राहणार होती. संध्याकाळचे थेंबही राहणार होते.

शुक्रवारी बायकोची साप्ताहिक सुटी होती. त्या सकाळी खुलासा लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण लिहिण्याचा अनुभव घरात मलाच आहे. मी मोठ्याने वाचत लिहायला सुरुवात केली. थंडीची तीव्रता, बोटांची अवस्था, मशीनच्या बटणांचे आकारमान, फुगीर टाक्यांची उपयुक्तता. दीड पान झाले. आई समोर बसून ऐकत होती. तिच्या मांडीवर तो उजवा मोजा होता आणि ती पिवळे बोट सोडवत होती. घरातच. बायकोने तिच्याकडे पाहिले.

“एवढं काय लिवायलास?” आई मला म्हणाली. “फाड ते. मी सांगते तसं लिही.”

मी नवीन कागद घेतला.

“लिही, बोटं माझ्या सुनंला हायेत. म्हणून मोज्याला ठिवली न्हाईत.”

मी पुढच्या वाक्यासाठी थांबलो. तिने जांभळ्या बोटाची गाठ तोडली आणि विचारले, “खाकी लोकर कुठं मिळती का बघ.”