दादाने सही करून घेतलेली नोटीस

३ फेब्रुवारी रोजी परवाना कार्यालयाने स्टेपनीच्या नावे दोन हजार चारशे पन्नास रुपयांच्या दंडाची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. मुदतीत दंड भरला गेला नाही, उत्तरही गेलं नाही, म्हणून त्याचा परवाना वर्षभरासाठी निलंबित झाला. स्टेपनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आमच्या बस कंपनीत मी हिशेब पाहतो, तो ड्रायव्हर. कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी कार्य निघालं, की ड्यूटी याच्या गळ्यात. म्हणून हे नाव. "पंक्चर तुमचं आणि वाट माझी," असं म्हणत तो चावी उचलायचा.

नोटीस गेली होती परवान्यावरच्या पत्त्यावर, म्हणजे थोरल्या भावाच्या घरी. भांडण होऊन स्टेपनी चार वर्षांपूर्वी बायकोमुलांना घेऊन तिथून बाहेर पडला. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. पत्ता बदलायचा मात्र राहून गेला. दादाने सही करून नोटीस घेतली आणि कपाटावर ठेवली. निरोप द्यायचा तर आधी बोलावं लागलं असतं.

निलंबनाचं कळल्यावर स्टेपनीने अपील केलं. साहेबलोकांसमोर त्याची बोबडी वळते, म्हणून सुनावणीला मी सोबत गेलो. सही करणारा म्हणून दादालाही बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवर बसला होता.

अधिकारी बाईंनी नियम सोपा करून सांगितला. एकत्र राहणाऱ्या माणसाने नोटीस घेतली, तर ती पोचली असं धरतात. वेगळ्या घरच्या माणसाने घेतली, तर पोचली नाही. मग निलंबन रद्द. नवा पत्ता न कळवल्याचा किरकोळ दंड तेवढा भरायचा.

"तुम्ही दोघं एकत्र राहता की वेगळे?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाने कॉलर सारखी केली. "एकत्रच, मॅडम. भावाभावांत वेगळं कसलं आलंय? एकाच चुलीवर जेवतो आम्ही."

खोलीत आणखी चार परकी माणसं होती. त्यांच्यासमोर घरचं उघडं पडू नये, एवढंच त्याच्या मनात असावं. मी स्टेपनीला कोपराने ढोसलं.

"तुमचं काय म्हणणं?" बाईंनी त्याला विचारलं.

तो टेबलाच्या काचेकडे बघत होता. "दादा सांगतो तसंच."

"नीट विचार करून सांगा."

"केला."

बाईंनी लिहून घेतलं. नोटीस बजावली गेली होती. निलंबन कायम.

जिन्यात मी चिडलो. "अरे, 'वेगळा राहतो' एवढंच म्हणायचं होतं! जीभ झडली असती का?"

"चार लोकांत त्याला खोटं पाडू, काका?"

"मग आता वर्षभर खा त्याच्या चुलीवर!"

खाली फाटकाशी दादा उभा होता.

"कसा जाणार?" त्याने विचारलं.

"बसने."

"बरं," म्हणून दादा उलट दिशेला निघून गेला.

कंपनीने स्टेपनीला गाड्या धुण्यावर घेतलं, निम्म्या पगारावर. पहिल्याच दिवशी एक कंडक्टर ओरडला, "काय रे, स्टेपनी डिकीत गेली का?" दोघेतिघे हसले. स्टेपनीने पाइप दुसऱ्या चाकाकडे वळवला.

ड्रायव्हरच्या नव्या गणवेशाचे पैसे त्याच्या पगारातून हप्त्याने कापले जात होते. त्यातले एकशे ऐंशी रुपये त्याच्याकडून अजून येणे आहेत.