बेंझॉइक आसिडचं साटंलोटं

गजकर्णाच्या मलमात बेंझॉइक आसिड असतं, त्यामुळं त्याची डबी उघडली की मला बी.एस्सी.ची शेवटची तोंडी परीक्षा आठवते. जालन्याचं कॉलेज, एप्रिलचं ऊन, आणि माझ्या पुढ्यात नुकतेच वाळलेले बेंझॉइक आसिडचे पांढरे, चकचकीत स्फटिक. त्या वासानं खोकला थांबत नव्हता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "स्फटिकात याचे रेणू जोडीनं का राहतात?" पुस्तकातली भाषा ऐनवेळी आठवेना, म्हणून मी घरची वापरली. "सर, साटंलोटं हाय. हा आपला हायड्रोजन त्याच्या ऑक्सिजनला देतो, तो आपला याच्या. लेक देऊन लेक घेतात ना, बराबर तसं." परीक्षक हसले नाहीत. "आणि एक बंध तुटला तर?" मी आमच्या गावाकडं, मंठ्याला पाहिलेलं सांगितलं, "मंग दुसरा कशाला टिकतो, सर? एक लेक माहेरी आली की दुसरी दिवस मावळायच्या आत बोचकं घेऊन परत." परीक्षकांचा लिहिणारा हात थांबला. त्यांच्या शेजारी परीक्षेला बसलेले आमचे सर उठून खिडकीबाहेर बघायला लागले. मी बाहेर आल्यावर प्रयोगशाळेतल्या शिपायानं मला कोपऱ्यात घेतलं. "अरे येड्या, ते परीक्षक अन् आपले सर एकमेकाचे मेहुणे हायत. त्यांचं साटंलोटंच झाल्तं. सोमवारपासून दोघंबी खानावळीत जेवून राह्यले." मी पास झालो, पण काठावर. आता मी स्वतः शिकवतो, आणि हा बंध समजावताना फुगडीचं उदाहरण देतो. फुगडीत हात सुटला तर माणूस फार तर आपटतो.